नऊशे तासांचा हिशेब

(मंचाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा हा मजकूर आहे. ज्या मुलांचा आणि विद्यार्थ्यांचा उल्लेख आला आहे, त्यांची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘शहरातल्या युवा केंद्रांचं काम’. विषय मोठा आहे आणि वेळ थोडा, म्हणून मी त्यातला एकच कोपरा घेते. न्यू जर्सीतल्या एका शहरात मी युवा आणि कुटुंब केंद्रात काम करते. तिथे दर सप्टेंबरात समाजकार्याचे दोन-तीन विद्यार्थी इंटर्न म्हणून येतात आणि मे महिन्यात जातात. त्यांची फील्ड इन्स्ट्रक्टर म्हणजे मी. हे विद्यार्थी काय करतात, त्यांना शिकवतं कोण आणि या सगळ्याचा खर्च कोण सोसतं, एवढंच आज सांगायचं आहे. तिसरा प्रश्न पैशाचा आहे, आणि त्या बाबतीत आपण सगळे काही ना काही करू शकतो.

आधी केंद्राबद्दल. न्यू जर्सी राज्याने १९८७ साली ‘स्कूल बेस्ड युथ सर्व्हिसेस प्रोग्रॅम’ सुरू केला. हायस्कूलच्या वयाच्या मुलांना समुपदेशन, आरोग्याची मदत, नोकरीचं मार्गदर्शन आणि खेळ-करमणूक हे सगळं शाळेतच, एका छताखाली मिळावं, ही त्यामागची कल्पना. मूल चार कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत नाही, हे साधं सत्य त्यात ओळखलेलं होतं. २०२० साली कोविडच्या काळात राज्याच्या अंदाजपत्रकातून हा कार्यक्रम काढून टाकण्याचा प्रस्ताव आला होता. मुलांनी आणि पालकांनी आरडाओरडा केला, तेव्हा पैसे परत मिळाले. आमचं केंद्र त्या योजनेतलं नाही, ती वेगळी ना-नफा संस्था आहे. पण कामाची जातकुळी तीच. दुपारी तीनला शाळा सुटली की मुलं येतात. खाणं, गृहपाठ, बास्केटबॉल. आतल्या दोन छोट्या खोल्यांत समुपदेशन. संध्याकाळी पालकांचा गट. आणि मध्ये मध्ये घरभाड्याची नोटीस घेऊन आलेली एखादी आई, किंवा विजेचं बिल घेऊन आलेले आजोबा.

इथे आमचे इंटर्न काम करतात. आता ‘इंटर्न’ म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उन्हाळ्यात सॉफ्टवेअर कंपनीत जाणारी, पगार घेणारी मुलं येतात. समाजकार्यातली इंटर्नशिप वेगळी. ती अभ्यासक्रमाचाच भाग आहे, तिच्याशिवाय पदवी मिळत नाही. अमेरिकेतल्या समाजकार्य शिक्षणाला मान्यता देणारी संस्था म्हणजे काउन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन. तिच्या नियमाप्रमाणे पदवीच्या विद्यार्थ्याला किमान ४०० तास आणि एम.एस.डब्ल्यू.च्या विद्यार्थ्याला किमान ९०० तास प्रत्यक्ष संस्थेत काम करावं लागतं. २००८ सालच्या निकषांत या संस्थेने क्षेत्रकार्याला या व्यवसायाच्या शिक्षणाची खास ओळख असलेली पद्धत ठरवलं. डॉक्टर जसा वॉर्डात घडतो, तसा समाजकार्यकर्ता क्षेत्रात घडतो, असा त्याचा अर्थ.

आठवड्याला सोळा तास धरले आणि वर्षाचे अठ्ठावीस आठवडे धरले, तर दोन वर्षांत जेमतेम नऊशे तास भरतात. म्हणजे आठवड्याचे दोन पूर्ण दिवस, दोन वर्षं. बऱ्याच विद्यापीठांत दुसऱ्या वर्षी तीन दिवस असतात.

या दिवसांत विद्यार्थी करतो काय? पहिल्या महिन्यात जवळजवळ काहीच नाही, असं त्याला वाटतं. बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी होते. मग लर्निंग कॉन्ट्रॅक्ट लिहायचं, म्हणजे वर्षभरात काय शिकणार ते कागदावर मांडायचं. तोवर तो मुलांबरोबर बसतो, खाणं वाटतो, नावं पाठ करतो. मग एक-दोन मुलं त्याच्याकडे सोपवली जातात, एखादा गट चालवायला मिळतो, एखाद्या कुटुंबाचे अर्ज भरून द्यायचं काम येतं.

आणि पहिल्याच आठवड्यात आम्ही एक गोष्ट घोकून घेतो. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार एखाद्या मुलावर अत्याचार होतोय किंवा त्याची हेळसांड होतेय अशी रास्त शंका आली, तर कळवण्याची जबाबदारी प्रत्येक व्यक्तीची आहे. फक्त डॉक्टरांची किंवा शिक्षकांची नाही. इथे बसलेल्या प्रत्येकाची, आणि माझ्या चोवीस वर्षांच्या इंटर्नचीसुद्धा. त्याने तो फोन करावा लागला तर मी शेजारी बसते. पण फोन तो करतो.

आता शिकवतं कोण ते सांगते. एम.एस.डब्ल्यू.च्या विद्यार्थ्याचा फील्ड इन्स्ट्रक्टर स्वतः एम.एस.डब्ल्यू. असावा आणि पदवीनंतरचा किमान दोन वर्षांचा अनुभव त्याला असावा, असा नियम आहे. आठवड्यातून एक तास मी प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर दार लावून बसते. विद्यार्थ्याने लिहून आणलेलं ‘प्रोसेस रेकॉर्डिंग’ आमच्यापुढे असतं. हा प्रकार आपल्यापैकी ज्यांनी मुंबई-पुण्यात समाजकार्याचा अभ्यास केला असेल त्यांना ओळखीचा वाटेल. एका बाजूला, मूल काय म्हणालं आणि मी काय म्हणालो, हे आठवेल तितकं शब्दशः. शेजारच्या रकान्यात, त्या वेळी माझ्या मनात काय चाललं होतं. तिसरा रकाना माझा, शेऱ्यांसाठी.

एक उदाहरण देते. एका विद्यार्थिनीने लिहून आणलं होतं की तेरा वर्षांचा मुलगा पाऊण तास काहीही बोलला नाही, आम्ही नुसते पत्ते खेळलो, सेशन वाया गेलं. मी विचारलं, “पत्ते कोणी काढले?” ती म्हणाली, “त्याने. स्वतःच्या दप्तरातून.” “आणि पाऊण तास झाल्यावर?” “त्याने विचारलं, पुढच्या मंगळवारी आहेस ना?” मी तेवढ्या ओळीखाली रेघ मारली. ज्या मुलाच्या आयुष्यातली मोठी माणसं मंगळवार ठरवून कधी आलीच नाहीत, त्याने हा प्रश्न विचारणं म्हणजे केवढं बोलणं होतं! पुस्तकातलं ‘विश्वासाचं नातं’ हे प्रकरण तिला पाठ होतं. ते समोर घडताना ओळखणं हे त्या एका तासात शिकायचं असतं.

हा तास कोणत्याही अनुदानाच्या अर्जात दिसत नाही. किती मुलांना सेवा दिली, किती सत्रं झाली, किती पुड्या वाटल्या, हे रकाने असतात. ‘शिकवलं’ असा रकाना नसतो. तीन विद्यार्थी म्हणजे माझे आठवड्याचे तीन तास, शिवाय त्यांचं लिखाण वाचण्याचे, विद्यापीठाच्या प्रतिनिधीशी बोलण्याचे आणि मूल्यमापन भरण्याचे तास. बहुतेक ठिकाणी विद्यापीठ संस्थेला याचे पैसे देत नाही. संस्थेने ते आपल्याच पोटातून काढायचे असतात.

मग साहजिकच मोह होतो. एक समुपदेशक नोकरी सोडून गेला, जागा भरायला पैसे नाहीत, आणि समोर तीन उत्साही विद्यार्थी आहेत. द्या त्यांना त्याची सगळी मुलं! हे घडताना मी पाहिलेलं आहे. विद्यार्थ्याला हिंदी, गुजराती किंवा स्पॅनिश येते म्हटल्यावर त्याला दिवसभर फुकटचा दुभाषी म्हणून या खोलीतून त्या खोलीत पळवलं जातं, हेही पाहिलेलं आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी राबतो पण शिकत नाही, आणि मुलांना अर्धवट शिकलेल्या माणसाच्या हाती दिलं जातं. माझा स्वतःचा निकष सोपा आहे. उद्या सगळे इंटर्न आजारी पडले तर केंद्र चाललं पाहिजे. चालत नसेल, तर ते इंटर्न नाहीत, ते बिनपगारी नोकर आहेत.

मे महिन्याचा प्रश्न यातूनच येतो. विद्यार्थ्याचं वर्ष सप्टेंबर ते मे असतं. मुलाचं दुःख काही सेमिस्टर बघून येत नाही. नॅशनल असोसिएशन ऑफ सोशल वर्कर्सच्या आचारसंहितेत फील्ड इन्स्ट्रक्टरसाठी एक कलम आहे: सेवा विद्यार्थी देत आहे हे त्या व्यक्तीला नेहमी सांगितलं जाईल याची काळजी घ्या. आम्ही ते पहिल्याच भेटीत सांगतो. “मी शिकणारी आहे, आणि मी मेपर्यंत आहे.” काही विद्यार्थ्यांना हे क्रूर वाटतं. पण ज्या मुलांनी न सांगता निघून गेलेली माणसं पाहिली आहेत, त्यांना निरोपाची तारीख आधी कळणं हाच मोठा फरक असतो. मार्चपासून मोजायला लागायचं. शेवटच्या काही भेटींत, पुढे ज्या कायमच्या कर्मचाऱ्याकडे मूल जाणार, त्यालाही खोलीत बसवायचं. पण त्यासाठी कायमचा कर्मचारी असावा लागतो ना! तोच नसेल तर दर मे महिन्यात मूल पुन्हा एकदा टाकलं जातं, आणि आम्ही त्याला ‘टर्मिनेशन’ असं शास्त्रीय नाव देतो.

आता हिशेबाकडे येते. नऊशे तास, तासाला १५ डॉलर धरले तर १३,५०० डॉलर होतात. विद्यार्थ्याला त्यातलं बहुधा काहीच मिळत नाही. उलट हे तास क्रेडिटमध्ये मोजले जातात, म्हणून त्यांची फी त्यालाच भरावी लागते. आणि त्या दोन-तीन दिवसांत दुसरी नोकरी करता येत नाही, ते नुकसान वेगळं. माझी एक विद्यार्थिनी रात्री गोदामात काम करून सकाळी नऊला केंद्रात यायची. ती याच शहरात वाढली होती, लहानपणी अशाच एका केंद्रात दुपारी जाऊन बसायची. मुलं तिच्याभोवती जमायची, कारण तिला त्यांच्या गल्ल्या माहीत होत्या. दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर तिने अभ्यासक्रम सोडला. हुशारी कमी पडली नव्हती, भाडं कमी पडलं होतं.

ही गोष्ट नवी नाही. या व्यवसायाच्या जन्मातच ती आहे. १८८४ साली पूर्व लंडनमध्ये टॉयन्बी हॉल उभा राहिला. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या तरुणांनी गरीब वस्तीत राहावं आणि शेजारी म्हणून काम करावं, ही ती कल्पना. ते पाहून जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ साली शिकागोत हल हाउस सुरू केलं. तिथून बालमजुरीविरुद्ध, स्वच्छतेसाठी, कारखान्यांतल्या कामगारांसाठी केवढं काम झालं! जेन अ‍ॅडम्स यांना १९३१ साली शांततेचं नोबेल मिळालं. पण तिथे राहणारे कार्यकर्ते स्वतःच्या राहण्या-जेवणाचा खर्च स्वतः द्यायचे. म्हणजे ज्यांना परवडत होतं तेच येऊ शकत होते. १८९८ साली न्यूयॉर्कच्या चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने उन्हाळी वर्ग काढला, त्यातून पुढे कोलंबिया विद्यापीठाचं समाजकार्य विद्यालय झालं. तेव्हापासून प्रत्यक्ष कामातून शिकणं हा पाया राहिला, आणि ते काम बिनपैशाचं असणं हेही तसंच राहिलं.

याच परंपरेची एक फांदी आपल्या मुंबईत गेली. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट १९२० च्या दशकात मुंबईत आले आणि नागपाड्याच्या कामगार वस्तीत त्यांनी नागपाडा नेबरहुड हाउस उभं केलं. हल हाउससारखंच सेटलमेंट. त्यांच्याच पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, ते नागपाड्याच्या त्याच इमारतीत. मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक. १९४४ साली त्याचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं. म्हणजे भारतातलं समाजकार्याचं पहिलं विद्यालय एका वस्तीतल्या केंद्राच्या पोटी जन्मलं. आणि परवडण्याचा प्रश्न तिथेही गेला. २०१८ च्या फेब्रुवारीत टाटा इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी संप केला तो कशासाठी? शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या दलित, आदिवासी आणि इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांची फी आणि वसतिगृहाच्या खर्चातली सवलत काढून घेतल्याच्या विरोधात. ज्या समाजांबरोबर काम करायचं, त्याच समाजांतल्या मुलामुलींना दारात अडवायचं, ही विसंगती दोन्ही खंडांत सारखीच आहे.

निदान आता त्याबद्दल बोललं तरी जातंय. २०२१ साली मिशिगन विद्यापीठात समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी ‘पेमेंट फॉर प्लेसमेंट्स’ ही चळवळ सुरू केली, ती इतर राज्यांत पसरली. ऑस्ट्रेलिया सरकारने १ जुलै २०२५ पासून समाजकार्य, शिक्षकी आणि नर्सिंगच्या पात्र विद्यार्थ्यांना सक्तीच्या प्लेसमेंटच्या काळात आठवड्याला ३०० डॉलरच्या वर भत्ता द्यायला सुरुवात केली, तिथल्या डॉलरमध्ये. उत्पन्नाची अट आहे, रक्कम फार नाही, पण तत्त्व मान्य झालं. अमेरिकेत बालसंरक्षण खात्यात नोकरी करण्याची हमी देणाऱ्यांना टायटल फोर-ई या केंद्रीय निधीतून काही राज्यांत मदत मिळते. आमच्यासारख्या छोट्या केंद्रात येणाऱ्यांच्या वाट्याला मात्र ती येत नाही.

आता आपल्याबद्दल थोडं. आपल्या घरांतून मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला: “ताई, मुलाला कॉलेजच्या अर्जासाठी चाळीस तास हवे आहेत, तुमच्याकडे इंटर्नशिप मिळेल का?” त्याला मी सांगते, खाणं वाटायला आणि गणित शिकवायला जरूर पाठवा, पण त्याला स्वयंसेवक म्हणा. दुसरा फोन दबक्या आवाजात येतो: “अहो ताई, मुलगी एम.एस.डब्ल्यू. करायचं म्हणतेय. तिला कॉम्प्युटर सायन्सलाही प्रवेश मिळाला होता. तुम्ही जरा समजावा ना.” मी समजावते, पण आईला! आपल्या वस्तीतल्या घरांतही मुलं गप्प होतात, सुना रडतात, म्हातारे आई-बाप एका खोलीत दिवस काढतात. १९८५ साली याच न्यू जर्सीत ‘मानवी’ ही दक्षिण आशियाई स्त्रियांसाठीची संस्था निघाली, ती काही हौसेने नाही. आपली भाषा, आपली नाती ओळखणारे प्रशिक्षित लोक हवे असतील, तर ते कोणाच्या तरी घरातून यावे लागतील. तुमच्या घरातून का नकोत?

आपण सगळे देणगी देणारे लोक आहोत. इथेही देतो, गावाकडच्या संस्थांनाही देतो. देताना आपला एक लाडका प्रश्न असतो: “यातले किती टक्के प्रत्यक्ष कामावर जातात?” पगारावर गेले की आपल्याला ते वाया गेले असं वाटतं. संगणक द्यायला दहा जण तयार असतात, सुपरवायझरच्या पगाराला कोणी नाव द्यायला तयार नसतो. माझं म्हणणं असं आहे, मंडळी, की अशा केंद्रात माणूस हेच प्रत्यक्ष काम आहे. मंगळवारी येणारा माणूस, आणि त्याला शिकवणारा माणूस.

म्हणून तीन गोष्टी सुचवते. पहिली, पुढच्या वेळी युवा संस्थेला पैसे द्याल तेव्हा विचारा: तुमच्याकडे इंटर्न किती, त्यांना शिकवतं कोण, आणि त्यांच्या मुलांना मे महिन्यानंतर कोण बघतं? उत्तर नीट मिळालं तर देणगीवर अट घालू नका, पगाराला वापरा म्हणून सांगा. दुसरी, आपल्या मंचाने दरवर्षी एका विद्यार्थ्याचा भत्ता उचलावा. १३,५०० डॉलर दोन वर्षांत विभागले की वर्षाला ६,७५० होतात. इथे आज साधारण साठ जण आहेत, म्हणजे माणशी वर्षाला ११२ डॉलरच्या आसपास. एका कुटुंबाच्या एका बाहेरच्या जेवणाचे. भत्ता ज्या वस्तीत काम आहे तिथल्याच विद्यार्थ्याला आधी मिळावा, तो मराठी असण्याची अट नको. तिसरी, महाराष्ट्रातल्या ज्या संस्थांना आपण मदत करतो, त्यांच्याकडे क्षेत्रकार्याला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बसभाड्याची आणि दुपारच्या जेवणाची चौकशी करा. रक्कम इतकी लहान असते की मागायला त्यांना संकोच वाटतो.

हल हाउसचं पुढे काय झालं ते सांगून थांबते. जेन अ‍ॅडम्स यांच्या नावाने चालणारी ती संस्था २०१२ च्या जानेवारीत पैशाअभावी बंद पडली, १२० वर्षांहून जास्त काम केल्यावर. मूळ इमारतीत आज संग्रहालय आहे. इतकी मोठी परंपरासुद्धा दर महिन्याच्या पगारावरच उभी असते.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. आणि भत्त्याच्या कल्पनेला विरोध असेल तर तोही इथेच, मोकळेपणाने सांगा. पुढच्या सभेत हा विषय निर्णयासाठी घ्यावा, अशी कार्यकारिणीला माझी विनंती आहे.